डायनामो न काढता: जुन्या गाडीचं मूळ वायरिंग पुन्हा भरवशाचं करताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी जुनी फियाट, अॅम्बॅसेडर, हेराल्ड घेतली की गॅरेजमधला पहिला सल्ला ठरलेला असतो. डायनामो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढा, त्याच कामाचा आधुनिक अल्टरनेटर बसवा, वायरिंग सगळं नवं ओढा, एलईडी लावा. मला हा सल्ला पटत नाही. ही गाडी नवी होती तेव्हा याच डायनामोवर रात्रीचा बोरघाट चढत होती, पावसात वायपर फिरवत होती, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होत होती. मूळ रचना कमकुवत नव्हती. चाळीस-पन्नास वर्षांत खराब झाले ते तारांचे सांधे, अर्थिंगच्या (म्हणजे तार गाडीच्या पत्र्याला जोडायच्या) जागा, स्विचमधले पितळी संपर्क आणि अधल्यामधल्या मालकांनी टेप गुंडाळून मारलेले जोड. त्यांच्याकडे न बघता अल्टरनेटर बसवला, तर त्याच गंजलेल्या सांध्यांतून जास्त अॅम्पियर ढकलले जातात आणि तार तापते.

म्हणून खाली दिलेला क्रम सोडू नका. बॅटरीपासून निघायचं आणि बल्बपर्यंत पोचायचं. मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर पुन्हा मोजायचं.

आधी हिशोब करून बघा

मूळ यंत्रणा पुरेल की नाही, हे कागदावर पाच मिनिटांत कळतं. दोन हेडलाइट, प्रत्येकी ४५ वॅट, म्हणजे ९० वॅट. १२ व्होल्टला हे साडेसात अॅम्पियर झाले. टेल, पार्किंग, नंबर प्लेट आणि मीटरमधले दिवे मिळून अडीच अॅम्पियर धरा. इग्निशन कॉइलला तीन-चार, वायपरला दोन-तीन. पावसाळी रात्री सगळं चालू असताना बेरीज सोळा-सतराच्या आसपास जाते. त्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या सी-४० जातीच्या डायनामोची क्षमता २२ अॅम्पियर. म्हणजे चालत्या गाडीत पाच अॅम्पियर बॅटरीसाठी उरतात.

अडचण येते ती गाडी थांबल्यावर. आयडलिंगला डायनामो जवळपास काहीच देत नाही, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो. ही त्याची जात आहे, बिघाड नव्हे. घोडबंदर रोडवर गायमुखाच्या अलीकडे रात्रीच्या पावसात अर्धा तास अडकलात, तर तो अर्धा तास सगळा भार बॅटरीवर असतो. त्यामुळे आयडल स्पीड जरा चढा ठेवायचा, थांबलेलं असताना पंखा आणि रेडिओ बंद ठेवायचा आणि घरी साधा चार्जर बाळगायचा. सायनपासून पनवेलपर्यंत सरळ चाल मिळणाऱ्या माणसाला हा प्रश्न येतच नाही. रोज आनंदनगर नाक्यावर तासभर थांबणाऱ्याला येतो. तुमची गाडी कुठे आणि कधी फिरणार आहे, त्यावर ठरवा.

हत्यारं

फार लागत नाहीत. डिजिटल मल्टिमीटर घ्या, भारीतला नको, पण नवी बॅटरी घातलेला हवा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन मगरी चिमटे लागतील. पितळी तारांचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, चांगला क्रिंपिंग पक्कड, सोल्डरिंग इस्त्री, हीट श्रिंक स्लीव्ह, तारेच्या टोकाला दाबून बसवायचे तांब्याचे थिंबल, दातेरी वॉशर आणि केमिस्टकडची पेट्रोलियम जेली. मीटर, स्लीव्ह, कॉन्टॅक्ट क्लीनर हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. जुने स्विच, रेग्युलेटर, लॅम्पची काच शोधायची तर कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागतो. तिथे जाताना जुना भाग हातात घेऊन जा. फोटोवरून आणलेला भाग बसत नाही.

त्याआधी एक वही करा. बोनेट उघडून प्रत्येक जोडाचा फोटो काढा, कुठली तार कुठे गेली आहे ते लिहा, तारेवर कागदी चिकटपट्टीने नंबर लावा. इंग्लंडच्या आराखड्यावर बनलेल्या गाड्यांत (अॅम्बॅसेडर, हेराल्ड) रंगांची भाषा ठरलेली असे. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरा इग्निशन स्विचकडून, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, निळा हेडलाइटचा, लाल टेल-पार्किंगचा, काळा अर्थिंगचा. रंग उडालेला असतो, पण क्लिपखाली किंवा रबरी बुशमध्ये दडलेल्या इंचभर तारेवर तो अजून शाबूत सापडतो. फियाटची भाषा वेगळी, तिथे तारांपेक्षा टर्मिनलवरचे आकडे बघा.

बॅटरीला हात लावण्यापूर्वी

अंगठी, कडं, स्टीलचं घड्याळ काढून ठेवा. मग बघा, गाडीच्या बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक जोडलंय. फियाटमध्ये ते निगेटिव्ह असतं. पण इंग्लंडच्या आराखड्यावरच्या गाड्यांत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुधा पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे, आणि अशा गाडीत पुढे कोणी ते उलटवलंही असेल. अंदाज करू नका, केबल डोळ्यांनी बॉडीपर्यंत शोधा. व्होल्ट किती तेही बघा. जुन्या जीप आणि बीटलमध्ये ६ व्होल्ट सापडतात.

काढताना बॉडीकडची केबल आधी, लावताना तीच शेवटी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

बॅटरी आणि जाड केबल

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. पण या आकड्यावर विसंबू नका. सेल्फ मारताना बॅटरीच्याच टोकांवर मीटर धरा. आकडा ९.६ च्या खाली गेला, तर आधी चार्ज करून पुन्हा बघा. तरीही पडत असेल तर बॅटरी संपली. कमजोर बॅटरी ठेवून पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही.

आता खरी परीक्षा. सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या नळाचं उदाहरण घ्या. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, व्हॉल्व्ह अर्धा गंजलेला असला तरी. नळ सोडला की मगच धार बारीक येते. तारेचंही तसंच. दिवा बंद ठेवून किंवा होल्डर काढून मोजलंत तर कुजलेल्या तारेतही १२ व्होल्ट दिसतात. भार चालू असतानाच मोजा, आणि तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा.

पद्धत अशी. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या लाइव्ह, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या खांबावर; शिशाच्या खांबावरच, क्लँपवर नव्हे. दुसरं टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपर्यंत दाखवलं तर चालेल. मग बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत. इथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग वाईट. क्लँप काढा, खांब आणि क्लँप आतून चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावायची नाही.

केबलच्या टोकाशी रबर फुगलेलं दिसलं तर थोडं कापून बघा. आत तांबं काळं किंवा हिरवं पडलेलं असेल तर ती केबल बदला. जाडीत कंजूषपणा नको, २५ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

अर्थिंग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जुन्या गाडीत जी तक्रार ‘कधी होतं, कधी नाही’ अशी असते, तिचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतं. गाडीचा पत्रा हीच परतीची तार. त्या पत्र्यावर पुटी, प्रायमर, तीन वेळा मारलेला रंग, आणि वर आपली खाडीची हवा. वाशी, ऐरोली, कोपरी किंवा कोलशेतला उघड्यावर उभी राहणारी गाडी आतल्या भागातल्या गाडीपेक्षा लवकर कळकते. बोल्ट बाहेरून स्वच्छ दिसतो आणि वॉशरखाली पांढरी भुकटी असते.

नौपाड्यातल्या एका स्नेह्यांच्या फियाटची तक्रार अशी होती: उजवा इंडिकेटर मंद, आणि ब्रेक दाबला की टेललॅम्पही फिका पडायचा. फ्लॅशर बदलून झाला होता, बल्बही बदलून झाले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही डिकी उघडली. त्यांनी ब्रेक धरून ठेवला आणि मी मीटरचं एक टोक लॅम्पच्या धातूच्या पाठीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लांब तारेने लावलं. आकडा शून्याजवळ हवा होता, आला चार व्होल्टच्या आसपास. म्हणजे बल्बला मिळायच्या बारापैकी चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच खाल्ले जात होते. लॅम्प खोलला. बोल्टच्या खाली रंग जसाच्या तसा, आणि वॉशरभोवती पिठासारखी पांढरी पूड. रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा घासून उजळ केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला. ‘काका, आता ब्रेक दाबा,’ म्हटलं. पार्किंगची भिंत लाल झाली आणि मीटरवर शून्यानंतरच्या दुसऱ्या घरात काहीतरी उरलं. नवीन भाग एकच लागला, तो वॉशर.

हीच कृती गाडीभर करायची. इंजिन ते चासीची विणलेली पट्टी, बॅटरी ते बॉडी, दोन्ही हेडलाइटची वाटी, दोन्ही टेललॅम्प, वायपर मोटर, डॅशबोर्डच्या मागचा बोल्ट, रेग्युलेटरचा अर्थ. प्रत्येक ठिकाणी खोला, घासा, दातेरी वॉशर, आवळा, मोजा, वर जेली किंवा रंगाचा हात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती विणलेली पट्टी तुटली की सेल्फचा प्रवाह चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम लागत असेल तर कारण तिथे शोधा.

एवढं करून दोन दिवस गाडी वापरा. निम्म्या तक्रारी इथेच मिटलेल्या असतील.

वायरिंग: काय ठेवायचं, काय बदलायचं

कापडी विणीच्या आत रबर असलेल्या तारा वाकवून बघा. रबर काचेसारखं तडकून तांबं उघडं पडलं, तर ती लूम, म्हणजे तारांचा तो सगळा जुडगा, पूर्ण बदलायची, पर्याय नाही. त्यात जोड मारत बसलात तर आग लागण्याचा धोका आहे. पण पीव्हीसीच्या तारा पुष्कळदा मधे उत्तम असतात आणि टोकांनाच खराब होतात. टोकाला दोन इंच कापा, तांबं लखलखीत लागलं की नवीन थिंबल क्रिंप करा. तांबं काळंच लागत राहिलं तर ती तार बदला.

उंदरांनी कुरतडलेली तार ही आपल्याकडची वेगळी तक्रार. पोडियम पार्किंगमध्ये गाडी महिनाभर हलली नाही की ते एअर क्लीनरशेजारी घर करतात. सीटखालून आणि डिकीकडे जाणारी लूम हाताने चाचपत शेवटपर्यंत जा.

तारेची जाडी भारावरून ठरवा. टेल आणि पार्किंगला १ चौरस मिलिमीटर, हेडलाइटच्या मुख्य तारेला २.५, डायनामो ते रेग्युलेटर आणि तिथून बॅटरीकडे ४ किंवा ६. वाहनांसाठीची, बारीक बारीक तंतूंची तार घ्या. घराच्या वायरिंगची जाड तंतूंची तार गाडीच्या थरथरीने टोकाशी मोडते. रंग मूळ ठेवा. दहा वर्षांनी बोनेट उघडणाऱ्याला, तो तुम्हीच असाल तरी, तुमच्या डोक्यातलं वाचता येणार नाही.

आणि पीळ देऊन टेप मारलेला जोड एकही ठेवायचा नाही. दिसला की कापा, क्रिंप करा किंवा झाळा, वर स्लीव्ह चढवा.

फ्यूज

फियाटमध्ये दोन्ही टोकांना निमुळते, वरून धातूची पट्टी दिसणारे फ्यूज असतात, बहुतेक ८ अॅम्पियरचे. पट्टी शाबूत दिसते आणि तरी दिवा लागत नाही, कारण टोक आणि पितळी पकड यांच्यामध्ये काट चढलेला असतो. फ्यूज नुसता बोटाने फिरवून दिवा लागला तर निदान झालं. मग सगळे काढा, पकडी घासा, हलकेच आत वाकवून ताण परत आणा, नवे फ्यूज घाला. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळलेला फ्यूज दिसला तर त्याने कुठला शॉर्ट लपवलाय ते आधी शोधा.

इंग्रजी घराण्यातल्या गाड्यांत साधारण दोनच काचेचे फ्यूज असतात, आणि हेडलाइटच्या वाटेवर बहुधा एकही नसतो. इथे मी मूळपणाचा आग्रह सोडतो. हेडलाइटसाठी वेगळा फ्यूज आणि बॅटरीपाशी हाताने बंद करायचा कटऑफ स्विच, दोन्ही बसवा. दोन्ही नंतर जसेच्या तसे काढता येतात, आणि गाडी सोसायटीच्या तळघरात शंभर गाड्यांच्या शेजारी उभी असते.

पहिल्यांदा वीज सोडताना

सगळे स्विच बंद, दारं बंद. बॉडीकडची केबल थेट लावू नका. बॅटरीचा तो खांब आणि केबल यांच्यामध्ये तो २१ वॅटचा बल्ब लावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, आणि तारेतून पावणेदोन अॅम्पियरच्या वर प्रवाह जाणार नाही. तार जळण्याऐवजी बल्ब पेटतो. आता एकेक फ्यूज काढत जा, एकेक जोड सोडवत जा. ज्या क्षणी बल्ब विझेल, तिथे शॉर्ट. बल्ब अगदी मंद असेल तर घड्याळ किंवा आतला दिवा चालू असण्याची शक्यता आधी तपासा. पूर्ण विझलेला असेल तर एकेक स्विच चालू करा. पार्किंग लावल्यावर बल्ब थोडा पेटणं साहजिक आहे. हेडलाइट, इग्निशन किंवा वायपर अशा मोठ्या भाराला तो बराच तेजाने पेटणंही साहजिकच. पण छोट्या भाराच्या एखाद्या स्विचला तो एकदम भगभगीत झाला, तर त्याच शाखेत बिघाड. हे सगळं शांतपणे पार पडलं की मग केबल थेट जोडा.

डायनामो आणि कटआऊट

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती याची वाटते, आणि याच भीतीपोटी चांगले डायनामो भंगारात जातात.

काम असं चालतं. डायनामोत फिरणारं आर्मेचर आणि भोवती फील्ड कॉइल. लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर सुरुवात होते, मग तयार झालेलीच वीज फील्डला जाऊन चुंबकत्व वाढवते. रेग्युलेटरच्या डब्यात, ज्याला आपले इलेक्ट्रिशियन सरसकट कटआऊट म्हणतात, दोन किंवा तीन गुंडाळ्या असतात. एक खरा कटआऊट, जो डायनामोचा दाब बॅटरीच्या वर, साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला गेला की जोडतो आणि खाली आला की तोडतो. दुसरी फील्डचा प्रवाह सेकंदाला कित्येक वेळा तोडत-जोडत दाब ठरावीक ठेवते. तिसरी असेल तर अॅम्पियरवर मर्यादा घालते.

आधी पट्टा बघा. दोन पुल्यांच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिलिमीटर दबला पाहिजे. सैल असेल तर घसरतो, फार ताणलेला असेल तर बुश खातो. मागच्या टोकाला तेलाचं भोक असेल तर त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाका, जास्त नाही, जास्तीचं तेल कार्बनवर, म्हणजे आर्मेचरवर टेकून वीज बाहेर आणणाऱ्या ब्रशवर जातं.

आता डायनामो एकटा तपासायचा. ही कृती डी आणि एफ अशी टर्मिनलं असलेल्या ल्युकास पद्धतीच्या डायनामोसाठी आहे. फियाटच्या मूळ इटालियन पद्धतीत टर्मिनलवर ५१ आणि ६७ असे आकडे असतात. तिथे फील्डची जोडणी कशी आहे हे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून खात्री करून घ्या, किंवा हे एवढं काम डायनामोवाल्याकडे द्या.

डायनामोवरच्या दोन्ही तारा काढा. डी आणि एफ एका छोट्या उघड्या तारेने जोडा. मीटरचं एक टोक त्या तारेवर, दुसरं डायनामोच्या अंगावर. इंजिन चालू करून आयडलपासून अगदी हळू रेस वाढवा. आकडा न अडखळता वर चढला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका, पाय लगेच काढा. चढला, तर डायनामो चांगला आहे, दोष तारांत किंवा डब्यात. आकडाच नाही, तर कार्बन अडकलेले किंवा झिजलेले. अर्धा ते एक व्होल्टवर अडकला, तर फील्डवर संशय. चार-पाचवर अडकला, तर आर्मेचरवर.

कार्बनचं काम घरी होतं. मागचं झाकण काढा, स्प्रिंग उचला, कार्बन आपल्या खाचेत सहज सरकतो का बघा. निम्म्याहून कमी उरला असेल तर बदला. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो तो आर्मेचरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, काळा पडला असेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. त्यावर चरे पडले असतील तर लेथवर द्यावा लागतो, आणि तिथे पट्ट्यांमधला अभ्रक खाली कोरून घ्यायला सांगा. हे विसरलं गेलं तर नवे कार्बन लवकर झिजतात.

गाडी वर्षानुवर्षं पडून असेल, किंवा बॅटरीची टोकं कोणी उलटवली असतील, तर चुंबकत्व परत द्यावं लागतं. ल्युकास पद्धतीत एफची तार डायनामोवरून काढायची आणि बॅटरीच्या लाइव्ह खांबाकडून आणलेली तार एफ टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवायची. छोटी ठिणगी दिसेल. बस, एवढंच.

आता डबा. बॅटरी सोडवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि बॅटरी जोडलेली असताना कटआऊटचा संपर्क बोटाने कधीही दाबायचा नाही, कारण पूर्ण बॅटरी डायनामोतून रिकामी व्हायला लागते आणि संपर्क चिकटून बसतात. पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीत, आणि २६ जुलै २००५ नंतर अशा गाड्या आपल्याकडे कमी नाहीत, आत चिखलाचा थर सापडतो. तो कोरड्या मऊ ब्रशने काढा. रेग्युलेटरचे संपर्क कठीण टंगस्टनचे असतात, त्यांना बारीक कार्बोरंडमची पट्टी चालते. कटआऊटचे मऊ असतात, त्यांना फक्त बारीक काच कागद. दोन्ही नंतर स्पिरिटने पुसा. स्क्रूला हात लावू नका. त्या स्क्रूचं पाव वळण बॅटरी उकळवायला पुरतं.

सगळं जोडून, बॅटरी चार्ज असताना, गाडी मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर आलं तर काम फत्ते. १५ च्या वर जात असेल तर आधी डब्याचा अर्थ तपासा. डब्याला बॉडीचा अर्थ नीट मिळत नसेल तर तो दाब चुकीचा ओळखतो. अर्थ ठीक असूनही आकडा वरच राहिला, तर डबा जाणकाराकडे टेस्ट बेंचवर न्या.

सेल्फ आणि इग्निशन

सेल्फबद्दल फार सांगण्यासारखं नाही. केबल आणि अर्थिंग नीट झाल्यावरही तो सुस्त असेल, तर खोलून कार्बन आणि बुश बघा. बुश झिजला की आर्मेचर आतून घासतं.

इग्निशनमध्ये सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पॉइंट, कंडेन्सर, रोटर एकदम बदलू नका, नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही, आणि हल्लीच्या नव्या कंडेन्सरपेक्षा गाडीतला जुना कितीदा तरी चांगला निघतो. जुना काढला तर डबीत जपून ठेवा. कॉइलच्या इग्निशन स्विचकडच्या टर्मिनलवर, इग्निशन चालू आणि पॉइंट एकमेकांना टेकलेले असताना, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल, तर दाब इग्निशन स्विचमध्ये किंवा त्याच्या वाटेवर खाल्ला जातोय. कॉइलच्या वाटेत मूळचा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा दाब मुद्दाम कमी ठेवणारा) असेल तर मात्र फरक मोठाच दिसतो, तो दोष नव्हे.

दिवे

बल्बपाशी दाब दहा टक्क्यांनी कमी झाला तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून पिवळे, मरतुकडे हेडलाइट दिसले की लोक एलईडी शोधायला निघतात, आणि खरं तर बल्बला १०.५ व्होल्टच मिळत असतात. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या लाइव्ह खांबापासून बल्बच्या टर्मिनलपर्यंत मोजा. मग वाटेतल्या प्रत्येक सांध्यावर. कुठे मोठी उडी दिसते ते पकडा. बहुतेकदा ती लाइटच्या स्विचमध्ये किंवा डीपरमध्ये असते. स्विच खोलून आतले पितळी संपर्क साफ करा. तरीही अर्ध्या व्होल्टच्या वर राहिलं, तर हेडलाइटसाठी दोन रिले लावा, रेडिएटरच्या मागे दिसणार नाहीत असे. जुन्या स्विचला मग फक्त रिलेचा किरकोळ प्रवाह वाहावा लागतो, आणि तो आणखी तीस वर्षं टिकतो.

जास्त वॅटचे बल्ब टाकू नका. शंभर वॅटच्या जोडीचा हिशोब वरच्या बेरजेत घालून बघा, डायनामो कुठे उरतो ते दिसेल.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला डायनामोची नस ओळखणारे जुने कारागीर अजून सापडतात. त्यांच्याकडे ‘काका, वायरिंग बघा जरा’ असं मोघम बोलून गाडी सोडून येऊ नका. वहीतले आकडे दाखवा: ‘काका, सेल्फ मारताना इंजिन ते बॅटरी पाऊण व्होल्ट पडतोय, अर्थिंगची पट्टी नवी करायची आहे.’ आकडा ऐकला की चांगला कारागीर खुलतो, आणि कामचलाऊ माणूस विषय बदलतो. काढलेला प्रत्येक भाग परत मागा. तुमचा मूळ डायनामो बदलीत देऊन ‘रिपेअर केलेला’ दुसरा घेऊ नका. कागदपत्रांच्या दृष्टीनेही गाडी मूळ रूपात असणं फायद्याचं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि मोठे फेरफार न झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर आधी हा विचार करा.

पावसाआधी आणि चाचणीच्या रात्री

मेच्या शेवटी एक रविवार राखून ठेवा. सगळे अर्थ पुन्हा मोजा, फ्यूज फिरवून बसवा, लॅम्पची रबरं बघा, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून भेगा आहेत का ते उजेडात धरून पाहा, वायपर ओल्या काचेवर चालवा. कोरड्या काचेवर चालवलात तर मोटरवर जास्त भार येतो आणि मोजमाप फसवं येतं.

मग एका रात्री, उशिरा, पाम बीच रोडला किंवा पूर्व द्रुतगती मार्गावर अर्धा तास चालवा. हेडलाइट चालू, वायपर मधूनमधून, मीटर लांब तारेने बॅटरीला जोडून शेजारी बसलेल्याच्या हातात. त्याला आकडे लिहायला सांगा: चाळीसच्या वेगाला किती, साठला किती, सिग्नलला किती. चालताना १३.५ च्या वर आणि सिग्नलला १२ च्या खाली नाही, असं आलं तर गाडी पुण्यापर्यंत न्यायला हरकत नाही. परत आल्यावर बोनेट उघडून प्रत्येक मोठ्या सांध्याजवळ हाताची पाठ न्या. जो सांधा शेजारच्या तारेपेक्षा गरम लागेल, तो दुसऱ्या दिवशी खोला.

डिकीत एका डब्यात नेहमी ठेवा: पॉइंटचा संच, तो जुना कंडेन्सर, रोटर, फ्यूज, डायनामोचा पट्टा, हेडलाइटचा एक बल्ब, दोन मीटर तार, तो २१ वॅटचा बल्ब चिमट्यांसकट, आणि वही.